टिपरी काढून घेतलीस ते

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मुद्दाम आठवावा लागतो. तरी आज तुलाच विचारायचं आहे, आणि कसं विचारावं ते कळत नाही.

रोहण्याचं आपलं अंगण. सन पन्नास उलटून थोडीच वर्षं झालेली. मी चारेक वर्षांची, अजून शाळेत न घातलेली. भुलाबाईचे दिवस आहेत. गल्लीतल्या पोरी मातीच्या भुलाबाईसमोर गोल बसून गाणी म्हणत टिपऱ्या वाजवताहेत. माझी टिपरी टिपरीवर पडतच नाही, शेजारणीच्या बोटांवर पडते. ती भोकाड पसरते. तुझी जाऊ, आमची मोठीमाय, ओसरीवरून म्हणते, "काऊन वं, तुह्या पोरीले पान्याचा गिलास धरता येत नाई, सपाट जागी पडते, अन् तू तिले टिपऱ्या देऊन राह्यली? उद्या कोनाचा डोया फोडन!"

"तुमचा त नाई फोडला न अजून?" तू हसलीस. पण टिपरी हळूच काढून घेतलीस आणि माझ्या हाती खिरापतीचा डबा दिलास. "तू हा हालवजो. आत काय हाय ते साऱ्याइले ओयखाले लावजो."

मी डबा खुळखुळवायची. पोरी "फुटाणे?", "मुरमुरे?" ओरडायच्या आणि मी ऐटीत मान हलवायची. पुढच्या वर्षीही डबा माझाच, त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं, हा मान आहे. टिपरी पुन्हा हाती आली नाही, मी मागितलीही नाही.

परवा लेकीबरोबर नातीला घेऊन सावंगीच्या दवाखान्यात गेले. नात चार वर्षांची. चेंडू छातीवर आदळला की मग हात पुढे करते. डॉक्टरीणबाईंनी तिला एका पायावर उभं केलं, मणी ओवायला दिले. सगळे सांडले. बुद्धी चांगली आहे, म्हणाल्या, हातापायांचा मेळ बसायला वेळ लागतोय. करू द्या, सांडू द्या. मग विचारलं, "घरात लहानपणी आणखी कोणी असं होतं?" लेक "नाही" म्हणाली. मी म्हणाले, "मी."

तेव्हापासून काही सुचत नाही. टिपरी हातात राहिली असती तर मला ताल जमला असता, की गल्लीभर हसू झालं असतं? तुला सगळं कळलं होतं, की त्या संध्याकाळपुरतं जे सुचलं ते केलंस? तुझा राग आलाय म्हणावं, तर त्या डब्याइतकं सुख मला पुढे फार थोड्या गोष्टींनी दिलं.

लेकीने बजावलंय, "आई, तिचं तिला करू दे." काल नात स्वेटरची बटणं लावत बसली होती. जीभ बाहेर, हनुवटी छातीला टेकलेली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दोन लागली. तिसऱ्याला तिचे डोळे भरून आले. लेक आत पोळ्या लाटत होती, तेवढ्यात मी ते पटकन लावून टाकलं.

नात आत धावत गेली. "आई, माझं मी लावलं!" लेक किती खूष झाली. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.