दोष मात्र रक्ताला

माझ्या अतिशहाण्या लेका,

मी सांगतेय आणि तुझी मुलगी लिहितेय. तिने माझ्या शिव्या गाळल्या असतील, तर त्या तू मनाने घाल.

काल तू कारखान्यात भट्टीसमोर चक्कर येऊन पडलास. तपासून घे म्हटलं, तर फोनवर म्हणालास, "आई, बाबा बीपीनेच पन्नाशीत गेले. रक्तातच आहे आपल्या, डॉक्टर काय करणार?"

अरे, तुझ्या काकाचं रक्त काय बाजारातून आणलंय? तोही त्याच भट्टीवर होता. बीपी निघालं तेव्हा त्याने गोदामात बदली मागितली, सिगारेट सोडली आणि गोळी धरली. आज सत्तरीत माझ्याशी कडाकडा भांडतो. तुझ्या बापाने यातलं काहीच केलं नाही. आणि तू? बापाचीच भट्टी मागून घेतलीस, त्याचीच सिगारेट ओढतोस, भाजीवर वरून मीठ घेतोस आणि दोष मात्र रक्ताला देतोस!

इथे तुझी मुलगी लिहायची थांबली. म्हणाली, "आजी, मग माझ्याही रक्तात आहे का ते?"

आता हे पत्र पेटीत टाकत नाही. आम्ही दोघीच ते घेऊन येतोय. डॉक्टर काय करणार, ते तिच्या तोंडाकडे बघून सांग.

अजून तुझा कान धरू शकणारी,
तुझी आई