दुसरी सीट

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि समोर पेशंट आ करून बसलेला असताना मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. बातमी अशी की मी शेवटी गाडी घेतोय. तीच ती बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार, जिचं चित्र मी तुझ्या कापायच्या टेबलाखाली चिकटवलं होतं. बायको म्हणते, पन्नाशीला लोक गुडघ्याला लावायचं तेल घेतात, आमच्याकडे गाडी येतेय.

पण घोडं एका जागी अडलंय. एकाच गाडीचे दोन प्रकार आहेत. पहिली रस्त्यावरची. चामड्याच्या सीटा, एसी, गाणी, शेजारी माणूस बसतो, मागे दोन पिशव्या मावतात. दुसरी ट्रॅकवरची, म्हणजे फक्त शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर पळवायची. तिच्या आतलं सगळं काढून टाकलेलं. लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि एकच सीट, तीही टोपलीसारखी कडक. घरी आणायची तर ट्रकवर घालून आणावी लागते. पण वळणावर अशी चिकटून पळते की काय सांगू! आमच्या ट्रॅकच्या क्लबातले म्हणतात, डॉक्टर, घ्यायची तर खरी घ्या.

तू जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्यास. माणूस गाडीत कसा बसतो हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? दहा वर्षांचा असताना तुला कबूल केलं होतं की माझ्या गाडीत पहिली तू बसशील. ते विसरलेलो नाही. सांग, कुठली घेऊ?

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो सल्ला दिल्यावरही टिकू दे.

तुझा,
बटण्या


११ जानेवारी

चि. बटण्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे कोपऱ्यात उभे राहून पुटपुटले की मेव्हण्याला म्हातारचळ लागलाय. मी मशीन न थांबवता म्हटलं, कळलं बरं का! लग्नाला तीस वर्षं झाली तरी ह्यांना वाटतं, बहिरीला काय कळतंय. अरे, कान गेले म्हणून डोळे पण गेले का?

माझं ऐकशील तर रस्त्यावरची घे. दिवसभर वाकून लोकांच्या दाढा बघतोस, तुझी पाठ आधीच कामातून गेलीय. ती टोपली विशीतल्या पोरांसाठी असते. आणि एकट्यानंच बसायचं तर त्यात मजा ती कसली? वळण झकास घेतलंस तर वा म्हणायला शेजारी कुणी नको? शिवाय मला काय टपावर बसवणार आहेस? मी तर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून मोकळी झालेय. कालच एका टेम्पोवाल्याला म्हटलं, माझा भाऊ अशी गाडी घेऊन दुकानासमोर हॉर्न वाजवणार आहे की तुमचा टेम्पो लाजून गल्लीत शिरेल.

तरी दुसरीच घ्यायची असेल तर घे, रागावणार नाही. मग मापं पाठव. खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि बसून घेतलेली, उभ्यानं नव्हे. गादी मी शिवीन. परक्याच्या हातची गादी तुझ्या पाठीला मानवायची नाही.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद नेहमीचेच, उत्तराला मात्र नेहमीसारखा महिना लावू नकोस.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिना नाही, चांगले सात आठवडे लावले, कारण लिहायचा धीर होत नव्हता. ट्रॅकवरची घेतली. क्लबाचे अध्यक्ष मागेच लागले. म्हणाले, दुसरी गाडी म्हणजे भाजी आणायला ठीक आहे. मला नाही म्हणवेना. तुला फिरवायचं राहिलंच, त्याचं पुढे बघू.

तुझं म्हणणं मात्र खरं ठरलं. दोन फेऱ्यांत पाठ बोलायला लागली. मापं सोबत पाठवतोय, बसून घेतलेली. आणखी एक गंमत सांगतो. ह्या गाडीत सहा पट्टे असतात, आणि टोपलीत एकदा रुतून बसलं की खांद्यावरचे पट्टे आपले आपल्याला ओढता येत नाहीत. कुणीतरी बाहेरून वाकून आवळून द्यावे लागतात. एवढी मोठी गाडी, आणि शाळेत निघालेल्या पोरासारखं दुसऱ्याच्या हातून तयार व्हायचं. शाळेत जाताना तू माझ्या शर्टाची बटणं लावायचीस त्याची आठवण झाली.

गादी झाली की १७ तारखेच्या रविवारी घेऊन येशील का? तिथल्या तिथे बसवून देशील. बसचा थांबा क्लबाच्या फाटकासमोरच आहे.

राग असेल तर तो गादीत भर, पण माया तेवढी वेगळी ठेव.

तुझा,
बटण्या


१९ मार्च

मा. डॉक्टरसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपल्या सीटची गादी रविवारी बसवून दिली आहे. डावीकडे कमरेपाशी अर्धा इंच जास्त भरली आहे, कारण आपण डावीकडे कलून बसता. दहाबारा फेऱ्यांनंतर गादी थोडी दबेल. तरी टोचल्यास मागची चेन उघडून आतला तुकडा काढावा. कापड ओल्या फडक्यानं पुसावं, धुऊ नये. पट्टे आवळायला तिथे हजर असलेलं कुणीही चालेल, ओळखीचंच माणूस लागतं असं नाही.

बसची वेळ झाल्यामुळे सांगून निघता आलं नाही. कामात काही उणं राहिलं असल्यास कळवावं.

आपली,
सीटचं काम करणारी बाई


२३ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खालची सही वाचली. पेशंट बाहेर बसवून ठेवले होते, त्यांना परत पाठवलं.

आधी वाटलं, कुणीतरी तुझे कान भरले. पण तिथे तुला ओळखत कोण होतं? मग आठवलं. दुकानात चार मशीनं धडधडत असायची, मी दारातून नुसते ओठ हलवून भूक लागली म्हणायचो, आणि तू डब्याकडे बोट दाखवायचीस. ओठ वाचायला तू माझ्यावरच शिकलीस, ताई. आणि मी तुझ्या बहिरेपणाच्या भरवशावर, तुझ्या तोंडासमोर बोललो.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मी माझ्या हातानं लिहितो. तू ठेवणीतले कपडे घालून आली होतीस. फाटकातूनच बटण्या म्हणून हाक मारलीस. आपला आवाज किती मोठा लागलाय ते तुला कळत नाही. सगळ्यांनी वळून बघितलं. कुणीतरी हसत विचारलंही, की हे काय नाव? लहानपणी बटण गिळलं होतं म्हणून, एवढं सांगून मीही हसायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी टोपलीत बसलो, हेल्मेट मांडीवर, इंजिन चालू. तू वाकून पट्टे आवळत होतीस. माझ्या कॉलरवरचा दोरा काढलास. अध्यक्षांनी विचारलं, ह्या कोण? आणि मी म्हणालो, सीटचं काम करणारी बाई आहे, हात चांगला आहे तिचा.

तू मान वर केलीस. एक पट्टा राहिला होता, तोही आवळलास. बकलावर दोनदा थोपटलंस, शेवटचं बटण लावून झालं की थोपटायचीस तसंच. मी सात फेऱ्या मारून आलो तर तू निघून गेली होतीस. आता खोटं कशाला बोलू? तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आज ते आठवलं की आरशात बघवत नाही.

अजून एक आहे. अध्यक्षांच्या नावावर मी उगाच बिल फाडलं. मला रस्त्यावरचीच गाडी पसंत होती. शोरूममधल्या माणसानं शेजारची सीट मागेपुढे करून दाखवली, आणि मला तू तिथे बसलेली दिसलीस. क्लबाच्या फाटकातून माझ्यासोबत आत शिरताना, काच खाली करून, मोठमोठ्यानं बोलताना. एकच सीट असलेली घेतली की तो प्रश्नच मिटत होता. म्हणून घेतली. पैसे वाचवायचे नव्हते, वेगाचंही वेड नव्हतं, फक्त तू शेजारी नको होतीस. हे लिहिताना इतकी लाज वाटतेय की दवाखान्याचं दार आतून लावून घेतलंय.

शोरूमवाल्याशी बोललोय, तो गाडी बदलून द्यायला तयार आहे. दोन सीटांची घेतो आणि दुकानासमोर येऊन हॉर्न वाजवतो. तू बसशील का?

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

तुझा, अजून असलो तर,
बटण्या


३० मार्च

चि. बटण्यास,
अ. उ. आ. रागात दिलेत, पण दिलेत.

मेल्या, पन्नास वर्षांचा घोडा झालास तरी अक्कल म्हणून नाही! बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात काही गेलं का? मी हो म्हटलं. ह्यांना काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, गाडी कशी आहे, तर छान आहे म्हटलं. आठवडाभर एक शिवण धड येईना, तीनदा उसवली. तुझं पत्र आलं तेव्हा फेकूनच देणार होते.

पण त्या रविवारपासून मला दुसरंच काही छळतंय. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते. मी बारा वर्षांची होते. एकदा डबा घरी विसरले, तो द्यायला बाबा शाळेत आले. सीटा शिवता शिवता दुकानातून तसेच, पँटला खडूचे पट्टे, कॉलरला सुई. मैत्रिणींनी विचारलं, हे कोण गं? मी म्हणाले, खुर्च्या दुरुस्त करायला आलेत. बाबा दारातच होते. त्यांचे कान शाबूत होते, बटण्या. त्यांनी डबा खिडकीत ठेवला, बाईंच्या खुर्चीची फाटलेली गादी बघितली, खाली बसले, आणि कॉलरची सुई काढून ती शिवून दिली. मी खोटी पडू नये म्हणून. घरी आल्यावर एवढंच विचारलं, डबा पोचला ना वेळेवर?

त्यांना मी कधीच सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता बाबा गेले. तू म्हणालास, सीटचं काम करणारी बाई आहे, तेव्हा मला आधी तुझा राग आलाच नाही, ती खुर्ची आठवली. तुझा राग मागून आला, फाटकाबाहेर. मी बाबांच्या इतकी मोठी नाही. मी शेवटचा पट्टा आवळला, पण मग थांबले नाही, निघून आले. आणि ती सही करताना मला बरं वाटलं, त्याचीही आता लाज वाटते.

गाडी बदलू नकोस. पाठीसाठी बदलायची असली तर खुशाल बदल, पण मला बसवून पाप फेडायला म्हणून नको. तसल्या सीटवर मला चैन पडायची नाही. शिवाय गादी त्या टोपलीच्या मापाची आहे, दुसऱ्या कुठल्या गाडीत बसणार नाही, आणि मी काही नवी शिवत बसणार नाही.

पुढच्या रविवारी येते, त्याच बसनं. पट्टे मीच आवळीन. तुझा डावा खांदा दुसऱ्या कुणाला समजायचा नाही. हाकही तीच मारीन, आवाज जेवढा लागायचा तेवढा लागेल. बाबांना सांगायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलं. तुझं अजून राहिलेलं नाही. अध्यक्षांना आणि तिथे जे कोण असतील त्या सगळ्यांना सांग, मी तुझी कोण ते. सांगशील तेव्हा माझ्याकडे तोंड करून सांग. मला ऐकू येत नाही.

तुझी,
ताई