लेकीच्या बुटांवर ग्राफिटी

३ जून
निर्णय पक्का. लेक एकोणतीस तारखेला दुसऱ्या शहरात नोकरीसाठी निघतेय. कामाच्या पहिल्या दिवशी तिच्या पायात मी रंगवलेले कॅनव्हासचे बूट असणार. ग्राफिटी स्टाइल! तिला अजून पत्ता नाही. बावीस वर्षं ऑफिसात नकाशांवर अक्षरं काढली, त्यापुढे बूट म्हणजे किस झाड की पत्ती. रोज सकाळी एक तास. आज दमलोय. उद्यापासून.

५ जून
पांढरे बूट आणले. दुकानदार म्हणाला, नंबर काय, मुलीला घेऊन या. बापाला असं विचारतात? पाच, म्हणून ताडकन सांगितलं. खोका कपाटावर लपवला. रंग, ब्रश आणायचे राहिले. गुडघा दुखत होता.

८ जून
तीन दिवस बूट रंगवायचे व्हिडिओ पाहिले. त्यातली सगळी मुलं विशीतली, पाठीला कणा नसल्यासारखी वाकून बसतात. माझा मार्ग वेगळा. आधी सगळं डिजिटल, मग बूट. लेकीचा जुना टॅब घेतला. बुटाच्या फोटोवर गुबगुबीत अक्षरांत 'बिनधास्त' लिहायचं. आज 'बि' झाला.

१२ जून
डिझाइन तयार! एकावर एक एक्केचाळीस लेयर. निळ्यावर गुलाबी, कडेला काळी सावली, अक्षरांतून रंगाचे ओघळ. चित्र फॅमिली ग्रुपवर टाकलं, बूट कुणाचे ते सांगितलं नाही. मेव्हण्याने अंगठा पाठवला. सासूबाईंनी लिहिलं, छान आहेत, पण डाग पडलेत, साबणात भिजत घाला. ओघळ कळायला नजर लागते. जाऊ दे.

१७ जून
ऑफिसात जुने नकाशे स्कॅन करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. घरी आलो की खुर्चीतून उठवत नाही. खऱ्या बुटाला अजून ब्रश लागलेला नाही. पण नीट विचार केला तर नव्वद टक्के काम झालंय. उरला तो नुसता रंग.

२१ जून, रविवार
रंग, ब्रश आणून एकदाचा रंगवायला बसलो. कापड रंग पितं, हे टॅबवर कळत नाही. 'बि'चं पोट सुटलं. टॅबच्या सवयीने 'अनडू'साठी, म्हणजे चुकलेलं पुसायला, बुटावर दोन बोटं आपटली. रंग तिथेच, बोटं निळी.
कोपऱ्यावर बूट शिवणारे काका आहेत, त्यांना सहज दाखवला. म्हणाले, आत कागद कोंबा, पातळ हात द्या, एक सुकल्यावर दुसरा, नाहीतर वाकतो तिथे तडकेल. मी म्हटलं, काका, ही दुरुस्ती नाही, कला आहे. ते पुन्हा पिशवीचा बंद शिवायला लागले.

२३ जून
वाकतो तिथे तडकला. याला टेक्स्चर म्हणतात. ठेवणार.

२६ जून
रंग सुकेना. बायकोचा हेअर ड्रायर लावला. पाऊण तासाने ड्रायरमधून धूर. तिला सांगितलं, जुनाच होता. ती म्हणाली, मार्चमध्ये घेतलाय. मग बिल आणून माझ्यासमोर ठेवलं. तिचं हे बिलं जपून ठेवणं फार थकवतं.

२७ जून
दिले! लेक बूट हातात घेऊन बघतच राहिली. मग खाली बसली, नाड्या पार शेवटपर्यंत सैल केल्या, दोन्ही हातांनी ओढून बूट चढवले. मस्त बसतात, बाबा, म्हणाली. स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि आली, अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही भरून आलं. कलेची ताकद, दुसरं काय! रिटायर झाल्यावर हाच धंदा करावा म्हणतो.

२९ जून
तिला बसला बसवून आलो. मी रंगवलेलेच बूट घालून निघाली. पायरी चढताना दांडा घट्ट धरला होता. बस वळेपर्यंत हात हलवत होती.
परत येताना बायकोने सांगितलं. लेकीला सात नंबर लागतो. कॉलेजात गेल्यापासून. काल दोन्ही टाचांना पट्ट्या तिनेच लावून दिल्या, आणि तिचे नेहमीचे काळे बूट बॅगेत अगदी वर ठेवलेत, बस सुटली की बदलायला. मी चिडलो. मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, पोरीनेच नको म्हटलं. महिनाभर बाबा इतके खूश होते, म्हणे.
हिशेब केला. मी तिला शेवटचे बूट घेऊन दिले तेव्हा ती आठवीत होती. मध्ये काय करत होतो? ऑफिस. आणि घरी आल्यावर ही खुर्ची. फार वाईट वाटतंय. ड्रायरचंही वाटतंय, पण ते कमी.

२ जुलै
तिचा पहिला दिवस. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. तिचे पाय, पायात बूट, बुटांवर माझं 'बिनधास्त'. खाली लिहिलंय, बाबांनी रंगवलेले बूट, आज ऑफिसात सगळे विचारत होते. मेव्हण्याने तीन अंगठे पाठवले. विचारतो, भावजी, ऑर्डर घेता का.
मी फोटो टॅबवर मोठा करून पाहिला. रंग कुठेच तडकलेला नाही. 'बि'चं पोट सुटलेलं नाही. हे बारा तारखेचं माझं टॅबवरचं चित्र. तिने ते कापून फोटोवर चिकटवलंय, टाचेकडे थोडं झाकायचं राहिलंय. तिथून काळा बूट दिसतो. त्याच्या वर पट्टीचं टोक.
पहिल्या दिवसाच्या गडबडीत बसून केलं असणार. कुणाला कळलेलं नाही. कळणारही नाही, एवढा मोठा करून कोण बघतो.
ग्रुपवर लिहिलं, छान दिसतात. मेव्हण्याला लिहिलं, सध्या ऑर्डर घेत नाही.
बायकोने बाहेरून विचारलं, अहो, रडताय का? मी हो म्हटलं.