काम करून राह्यला

१४ नोव्हेंबर १९९९
वर्ध्याला पोचलो, मी आणि आई. साताऱ्यात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण मला गाव पाहताक्षणी आवडलं. भरपूर झाडं, स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीग, आणि रिक्षावाल्याने न सांगता सामान आत आणून ठेवलं. उद्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायचं आहे. खरं तर नोकरी निमित्त आहे. आईच्या दम्याला साताऱ्याची ओल सोसेना, म्हणून हा कोरडा मुलूख गाठला. डॉक्टरांनी बजावलं आहे की आता ओलीच्या खोलीत एक हिवाळाही काढायचा नाही.

घर तळमजल्यावर आहे. आईच्या खोलीला लागूनच बाथरूम, म्हणजे तिला चार पावलांपलीकडे चालायला नको. घरमालक प्रभाकरराव स्वतःच बिल्डर, बाजारात त्यांचं सिमेंटचं दुकान आहे. फार गोड बोलतात. इतक्या गोड माणसाचं बोलणं मी तारखेसकट लिहून ठेवते, ही माझी जुनी खोड.

२१ नोव्हेंबर
आईच्या उशाशी भिंतीवर ताटाएवढी ओल आली आहे. पाऊस नाही, नळ गळत नाही. पलीकडे बाथरूम आहे, आणखी काय सांगायचं? ओलीभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, तारीख घातली आणि दुकानात गेले.

प्रभाकररावांनी चहा मागवला. केळझरच्या गणपतीला जाऊन आलात का, विचारलं. भिंत सोडून सगळ्या विषयांवर बोलले. वॉटरप्रूफिंग एकदम पक्कं आहे, नत्थूसारखा मिस्त्री जिल्ह्यात नव्हता, म्हणाले. मी जागची हलेना, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "नत्थू तिथं काम करून राह्यला, मॅडम. जाईन ओल."

घर बांधताना नत्थू तिथेच मुक्कामाला राहिला असेल. राहिला असेल बापडा, मला त्याचं काय? त्याला पाठवून द्या, असं सांगून आले.

२६ नोव्हेंबर
ओल रेघ ओलांडून दुप्पट झाली. आईचा खोकला थांबत नाही. प्रभाकरराव एकदाचे आले. बाहेरच्याच खोलीत उभे राहिले. बाथरूम बघा म्हटलं, तर इथूनच दिसतं म्हणाले. तिथून फक्त आमची चूल दिसते.

हा माणूस काहीतरी लपवतो आहे.

२९ नोव्हेंबर
दुपारी घरी आले तर ओल नाहीशी! भिंतीवर ताजं सिमेंट, त्यावर थापीचे अर्धगोल फराटे, माझी रेघ खाली गाडलेली. आई म्हणाली, डोळा लागला होता, पण कुणीतरी बराच वेळ घासत होतं. तिला वाटलं मीच मिस्त्री पाठवला.

म्हणजे त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. घरात म्हातारी एकटी असताना खुशाल माणूस घुसवतात! नवं कुलूप आणलं.

२ डिसेंबर
नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. तरी बाथरूमचा झरोका आज अर्धा बुजलेला. सिमेंट ओलं होतं. ते बोटावर घेऊन तशीच दुकानात गेले आणि काउंटरवर पुसलं. प्रभाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. बाथरूमचं दार उघडं ठेवता ना, एवढंच विचारलं.

असं कोण विचारतं?

४ डिसेंबर
शेजारच्या मनकर्णाबाईंना भिंत दाखवायला बोलवायला गेले. त्या म्हणाल्या, थांबा, मी भाजी चिरून राह्यली. विळीवर बसून चिरतच होत्या.

करून राह्यला म्हणजे काम करून मुक्कामाला राहिला नव्हे. करतो आहे. आत्ता.

नत्थूचं विचारलं तशी त्यांनी विळी बाजूला सारली. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याच बाथरूममध्ये स्टोव्हवर डांबर तापवून लावत होता. "त्याले अर्धं काम टाकून पळाची खोड होती. म्हणून प्रभाकररावनं भायेरून कडी लावली." संध्याकाळी कडी काढली तेव्हा उशीर झाला होता. धुरानं गुदमरला.

५ डिसेंबर
विश्वास ठेवणार नाही. अशा गोष्टी बिल्डरला सोयीच्याच. भाडेकरू घाबरून निघून जातो, दुरुस्ती मागत नाही. मनकर्णाबाईही त्यांच्याच भाडेकरू.

पण झरोका पूर्ण बुजला आहे. डांबराचा वास येतो. आईचे ओठ निळसर दिसले — आता हट्ट पुरे. उद्या चार वाजता रिक्षा सांगितली आहे.

६ डिसेंबर, दुपारी
निघण्याआधी आईला बाथरूमला न्यावंच लागलं. दारात पाट अडकवला होता. पुरावा हवा म्हणून झरोक्याचं माप घ्यायला पट्टी नि ही वही आणली — पाट सरकला. दार लागलं. कडीचा आवाज आला नाही.

दार हलत नाही. कडेने ओलं सिमेंट चढतंय. आतल्या बाजूने.

ओरडून घसा गेला. पट्टीने खरवडते, तेवढंच पुन्हा भरतं. डांबर. आई घरघरतेय —

खालची फट उरली आहे. आईला पालथं निजवून नाक तिथे लावलं. श्वास चालू आहे. त्याच उजेडात लिहिते. चारला रिक्षा येईल, रिक्षावाला हाक मारेल. तोवर —

फट वीतभर उरली.

थापी माझ्या कोपराजवळून — कुणी दिसत नाही —

चार बोटं. एका नाकापुरतीच जागा. आई म्हणते तू ये. मी तिच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. माझी छाती धड आहे, तू हलू नकोस —

ती सरकली. माझं डोकं धरून ओढतेय, एवढं बळ तिला कुठून — आई, नको, तू आधी — उजेड ए