रुमाल टाकलेला अहवाल

१२ जानेवारी २००३, रविवार. टोकावडे
आजपासून नियमित रोजनिशी. संशोधकाला शिस्त हवी.
प्लॅन पक्का: मेअखेर एम.फिल.चा प्रबंध, जूनमध्ये मुरबाडच्या कॉलेजात मुलाखत, लगेच प्राध्यापक. मग कसाऱ्याची हायस्कूलची नोकरी आणि तिथली भाड्याची खोली सुटली. इथे बायको-मुलीजवळ राहायचं. अनिताची प्राथमिक शाळा इथेच. वैष्णवी जूनमध्ये पहिलीत जाईल, तोवर मी घरी आलेला असेन. अनिताला तसा शब्द दिला. ती म्हणाली, नक्की ना? बघा हां. म्हटलं, नक्की म्हणजे नक्की.

१८ जानेवारी, शनिवार
विद्यापीठाची लायब्ररी पाहिली. थक्क झालो! जुने नकाशे, फिल्मवरची वर्तमानपत्रं, कार्डांनी भरलेले ड्रॉवर. नुसतं फिरण्यात दिवस गेला.
काउंटरवर कमळताई म्हणून आहेत. म्हणाल्या, नव्या वाचकांसाठी दर महिन्याला वर्ग असतो, पुस्तक कसं शोधायचं ते दाखवतात, या. मला? मी गेली कित्येक वर्षं इतिहास शिकवतो. नम्रपणे टाळलं.
कार्डांत काहीच सापडलं नाही. कार्डं नीट लावलेली नसावीत.

१ फेब्रुवारी, शनिवार
सापडला! थळ घाटातल्या जकातीचा जुना अहवाल. घाटातून बैलांवर काय चढायचं, काय उतरायचं, सगळं आहे. अख्खा प्रबंध यातच. मात्र प्रत एकच. घरी न्यायची नाही. झेरॉक्स नाही, कागद मोडतो. इथेच बसून उतरवा म्हणतात.
उतरवणारच होतो. आधी जेवून यावं म्हणून अहवालावर रुमाल टाकून गेलो. परत येतो तर खुर्चीत भलताच माणूस, अहवाल रॅकवर आणि रुमाल काउंटरवर! कमळताई म्हणाल्या, इथे अशी जागा धरत नाहीत.
शहापूर स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. कुणी हूं की चूं करत नाही. इतक्या शिकलेल्या लोकांना एवढं कळू नये?

८ फेब्रुवारी, शनिवार
उपाय काढला. अहवाल उचलून वनस्पतिशास्त्राच्या रॅकवर नेला. तळाच्या फळीत जाड पुस्तकांमागे कोंबला. थोडा जोर लावावा लागला. तिकडे कुणी चिटपाखरू फिरकत नाही. ही काही चोरी नव्हे. पुस्तक लायब्ररीतच आहे.
आता घाई नाही. अनिताला फोन केला, काम झाल्यात जमा.

१ मार्च, शनिवार
लायब्ररीला जाणार होतो. अनिताच्या चुलतभावाची, ओमकारची हळद निघाली. हळदीला नाही गेलो तर सासरवाडी जन्मभर ऐकवेल.
दुपारी कसारा स्टेशनवर रुपाली भेटली. माझी जुनी विद्यार्थिनी, वरच्या पाड्यावरची. तीही एम.फिल. करतेय, हिरड्याच्या व्यापारावर. म्हणाली, सर, त्या नव्या वाचकांच्या वर्गाला मी गेलेली. लय कामाचा हाय, तुमी पण जावा. पोरगी भाबडी आहे. आशीर्वाद दिला.

२३ मार्च, रविवार
पेपर तपासणी. शिवाय तीन हळदी. यजमान ऐकतच नाहीत.
अनिताने पुन्हा विचारलं, नक्की ना? जरा चिडलोच. म्हटलं, पुस्तक राखून ठेवलंय, आणखी काय हवं?

१९ एप्रिल, शनिवार
गेलो. वह्या, दोन पेनं, डबा, सगळी तयारी. वनस्पतिशास्त्राच्या तळाच्या फळीत हात घातला. अहवाल नाही.
काउंटरवर चौकशी केली. कमळताई म्हणाल्या, महिनाभर गायब होता. एका मुलीला हिरड्याची माहिती शोधताना रॅकमागे सापडला, पाठ मोडलेला. तिने इथेच बसून हवा तेवढा उतरवून घेतला. मग आम्ही तो बाइंडिंगला पाठवला. जुलैशिवाय येणार नाही. कुणीतरी मुद्दाम दडवला असणार, असली माणसं असतात.
मीही म्हणालो, असतात.

३ मे, शनिवार
ती मुलगी रुपालीच. शहापूर स्टँडवर भेटली. माझा विषय तिला ठाऊक. म्हणाली, सर, माझ्या वह्या न्या, घाटाचं समदं उतरवलंय. विद्यार्थिनीच्या वह्यांवरून प्रबंध लिहू? माझी काही पत आहे. नको म्हटलं.
मूळ अहवालाशिवाय खरं संशोधन होत नाही.

३१ मे, शनिवार
प्रबंध जमा केला नाही. मुदतवाढ मागितली. गाईडबाई म्हणाल्या, डिसेंबरमध्ये बघू. मुलाखत मात्र जूनमध्येच.
लायब्ररीने बाइंडिंग वेळेत करायला नको का?

१५ जून, रविवार. टोकावडे
मुरबाडच्या कॉलेजात त्या जागेवर रुपालीची निवड झाली. दोष नाही तिचा.
अनिताला सांगितलं, बाइंडिंगमुळे राहिलं, डिसेंबरात नक्की. ती पुस्तकांना कव्हर घालत होती. हातातलं कव्हर पुरं करून म्हणाली, मार्चात माझी बदलीची ऑर्डर आलेली, कसाऱ्याजवळच्याच शाळेत. तुमी नक्की बोल्लात म्हणून नाय घेतली. दुसऱ्या बाईंनी घेतली.
तिने आधी का सांगितलं नाही, असं विचारणार होतो. तिने दोनदा ‘नक्की ना?’ विचारलं होतं ते आठवलं.
उद्या वैष्णवीचा शाळेचा पहिला दिवस. कसाऱ्याची शाळाही उद्याच उघडते, म्हणून शेवटच्या एसटीने निघायला हवं. वैष्णवी नवा गणवेश घालून दारात उभी राहिली, म्हणाली, बाबा, आजच बघून घ्या.
फार वाईट वाटतंय. कुणावर ढकलावं, तेही आज सुचत नाही.