बुटांची टोकं

२ जुलै

एकदाची आले. बसमधून उतरले तेव्हा ढग खाली आणि मी वर, गंमतच वाटली. हिवाळ्यात जिथे स्की करतात ती सगळी उतरण आत्ता हिरवीगार आहे. खुर्च्यांच्या लिफ्टमधून माणसं पाय हलवत वर जातात आणि रंगीत छत्र्यांना लटकून खाली येतात. हे असते तर पहिल्याच दिवशी उडी मारायला निघाले असते, आणि मी बाही धरून बसले असते.

लॉजच्या मालकीण मित्सुएसान माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण आवाज सासूचा. माझं काम दारातलं. पाहुणे बूट काढून, सपाता घालून आत गेले की त्यांचे बूट उचलून टोकं दाराकडे करायची, म्हणजे निघताना पाय थेट आत. ओले असतील ते सुकवणीच्या खोलीत. आणि जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून “सांभाळून जाऊन या” म्हणायचं. हे काय शिकवायचं? पाच वर्षांची असल्यापासून करते आहे.

दारातल्या बुटांच्या कपाटात, खालच्या खणात कोपऱ्यात आमचे दोन जोड ठेवले. डोंगर चढायचा म्हणून एकाच दिवशी घेतलेले, ह्यांचे आणि माझे. निघायला नऊ दिवस होते आणि हे न्हाणीतच गेले. चार वर्षं झाली. त्यांच्या बुटांच्या तळाला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच आहे. माझ्या बुटांची टोकं दाराकडे ठेवली, त्यांच्या बुटांची आत. घरीही अशीच ठेवायचे. बाहेरून घरी परतलेल्या माणसाच्या बुटांची असतात तशी.

१९ जुलै

कुणीतरी ह्यांचे बूट घालून गेलं! सकाळी पाहते तर घोट्यापर्यंत चिखल, चिठ्ठी गायब. नागोयाच्या सायकलवाल्यांना विचारलं. त्यातला धिप्पाड होता तो म्हणाला, काकू, माझा पाय अठ्ठावीस सेंटीमीटरचा, त्यात माझा अंगठा तेवढा राहील. सगळे खिदळले. मित्सुएसाननी मला आत बोलावून सुनावलं, की पाहुण्यांना चोर ठरवू नका, एवढे जीव की प्राण असतील तर उशाशी घेऊन झोपा. मी ते परत खणातच ठेवले. बुटांची जागा दारात असते.

३ ऑगस्ट

पुन्हा. धुऊन, सुकवून ठेवले होते. आज नाडीत गुलाबी पाकळी अडकलेली. वनस्पतींच्या पुस्तकात शोधली: कोमाकुसा. वरच्या कड्याखाली, सुट्या दगडांत उगवते. लिफ्ट तिथवर जात नाही. जाऊन-येऊन सहा तासांची चाल. मी पाचला उठते. कोण मेलं सहा तास चालून पाचच्या आत परत येतं?

दोन्ही नाड्या एकमेकींना गाठ मारून ठेवल्या. आता जा म्हणावं.

४ ऑगस्ट

गाठ सुटलेली. चिखल ओला. मी रडले, पण रागाने.

२१ सप्टेंबर

लिफ्टवर काम करणाऱ्या तोकुजीसानना सांगितलं. पंचाहत्तरीचे आहेत, पहिली लिफ्ट उभी राहिली तेव्हापासून इथेच. आधी हसले. म्हणाले, बाई, ह्या डोंगराला फुकट बूट मिळाले तर तो कशाला सोडतोय! मग मी टोकांचं सांगितलं, तसे जवळ सरकले. त्यांच्या गावात माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या बुटांची टोकं बाहेर वळवतात, ज्यानं ठेवली त्यानंच वळवायची, आणि मगच जाळतात. आत वळलेली टोकं म्हणजे ‘घरी आहे’. वर बिनघराचं काय काय फिरत असतं. त्याला रिकामी जागा दिसली की ते येतं. डोंगराला कुणाचा नवरा कोण ते कळत नाही, म्हणाले.

मी म्हटलं, मला कळतं ना.

खोलीत येऊन विचार केला. कड्यावर जायची हौस कुणाला होती? ह्यांनाच. आज चार वर्षांत पहिल्यांदा मी बूट आनंदाने पुसले. टोकं आतच ठेवली.

३० ऑक्टोबर

कड्यावर पहिला बर्फ. चढाईवाले गेले, रंगलेली पानं पाहायला आलेले गेले. नाडीत लाल पान होतं.

मी रोज पायरीवर भाताचा गोळा ठेवते, आत खारवलेलं आंबट फळ, त्यांना आवडायचं तसं. खात नाहीत. दिसत नाहीत. वैताग आला आहे. आज सकाळी बुटांशी चक्क भांडले, की एकतीस वर्षं असंच केलंत, घरी यायचं, बसायचं, तोंडातून शब्द नाही; इतकं येता-जाता तर एकदा दिसा की!

मित्सुएसाननी ऐकलं. माझ्यासाठी चहा करून आणला. तेच जास्त लागलं.

१४ डिसेंबर

उतरणी उघडल्या. स्कीवाले, बर्फात चालायला आलेली मंडळी, ओल्या हातमोज्यांचे ढीग. दम खायला वेळ नाही. त्यात ह्यांचे बूट आज खणात नव्हते. पायरीच्या वर, घरात, लाकडी जमिनीवर! मित्सुएसान कडाडल्या. बूट घालून घरात? माझ्या सासूच्या वेळेपासून कुणाची हिंमत झाली नाही, म्हणाल्या.

पुसताना आज पहिल्यांदाच तळ निरखून पाहिले.

ह्यांचा डावा पाय टाच बाहेरच्या अंगाने झिजवायचा. प्रत्येक जोडाची तीच टाच. चांभार थट्टा करायचा.

ह्या टाचा कोऱ्या आहेत. दुकानातल्यासारख्या. झिजलेत ते चवडे. पार अस्तरापर्यंत.

असं कोण चालतं? टाच न टेकवता. डोंगरभर.

१५ डिसेंबर

पहाटे टोकं बाहेर वळवली. वाकले. त्यांना शेवटचा नमस्कार, असं मनात म्हटलं.

आता दार बंद. संपलं.

१६ डिसेंबर

जिन्याखाली होते. टोकं आत.

तोकुजीसाननी विचारलं, वळवताना काय बोललात? काही नाही, म्हटलं. मग आठवलं. वाकले तशी जिभेने आपलं काम केलं. दिवसाला चाळीसदा म्हणते तेच. सांभाळून जाऊन या.

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. ‘या’ म्हणालात, म्हणाले.

९ जानेवारी

तीन दिवस वादळ. लिफ्ट बंद. पाहुणे सकाळच्या बसने गेले. मित्सुएसान दाताच्या डॉक्टरकडे खाली गेल्या आणि मागे रस्ता बंद झाला. फोन केला तर म्हणाल्या, कंटाळा आला तर खण पुसा. हसावं की —

रात्रीचे अकरा वाजले. बूट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. वळवले. “जा” म्हटलं. नुसतं जा.

पाणी प्यायला गेले तेवढ्यात पाचवी पायरी.

एक वाजला

शेगडीत घातले. जळत नाहीत, इतके ओले. धूर झाला. खिडकी उघडली, बंद केली, पाहते तर शेगडी रिकामी.

अडीच

बाहेर नुसतं पांढरं. त्यातून हाक आली. स्पष्ट. ह्यांचाच आवाज, खोकल्यासकट. नोबुए. नोबुए, चल.

एकतीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही. “अगं” म्हणायचे. नुसतं अगं. मी किती चिडायचे —

मी ओ दिली नाही. तोंडात टॉवेल धरला आहे.

तीन

वर, माझ्या खोलीच्या दाराबाहेर. सरकत्या दाराच्या फटीतून दिसतात. टोकं आत, माझ्याकडे.

वळवते. पुन्हा एकदा. म्हणायचं ते मनात घोकलं आहे: तुम्ही माझे कुणी नाही, जा —

वळवले. म्हटलं.

खाली दार वाजलं. गेलं वाटतं. गेलं. शांत.

ह्यांची टोकं बाहेर आहेत. तशीच आहेत. हलली नाहीत. पण शेजारी —

माझे बूट. हे खालच्या खणात होते. मी आणले नाहीत. नाड्या सैल केलेल्या. नाड्यांखालची जीभ वर काढलेली. टोकं दाराकडे. पाहुण्याचे ठेवतात तसे, निघताना पाय थेट आ