वाहणारे कोरडे डोळे

१० नोव्हें., सोम.
डोळे परत तसेच. वाळू गेल्यावानी. दुपारी ओमती चौकापाशी इतकं पाणी आलं की गाडी बाजूला लावावी लागली. तिथं एक बकरी भाजीवाल्याची मेथी ओढून राहिली होती, तेच बघत बसलो. कशाला थांबलो ते विसरलो.

मी चालवतो त्या गाड्या गुड्डूभैयाच्या. डिसेंबरात नर्मदा परिक्रमेची जीप तू ने म्हणतो, म्हातारी मंडळी घेऊन. आजवर धरलेली सगळी कामं सोडली. हे सोडायचं नाही. पण त्याची अट: "पहले आँख दिखा के आ. बुजुर्ग बैठेंगे."

१३ नोव्हें., गुरु.
सिविल लाइन्स, डोळ्याच्या मॅडम. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून बसवलं, किती भिजते ते पाहायला. मग पिवळा रंग टाकून निळा उजेड. "पलक मत झपकाना." सेकंद मोजत होत्या, चारलाच थांबल्या. डोळ्यावरचा पाण्याचा थर फुटला म्हणे, दहापर्यंत तरी टिकायला पाहिजे. पापण्या दाबल्या. कडेनं पातळ तेल यायला पाहिजे, ते टूथपेस्टसारखं घट्ट.

म्हटलं, पानी तो इतना बहता है. "सूखी है, इसीलिए बहता है." तेल नाही तर पाणी उडून जातं, मग डोळा चिडून पूर आणतो.

तोंड सुकतं का, सांधे दुखतात का, सगळं विचारलं. धुळीच्या सर्दीची गोळी रोज घेतो, तीही कोरडं करते. मी टाकतो ते लाली घालवायचे थेंब बंद. "और क्या डालते हो?" काही नाही म्हटलं.

१४ नोव्हें.
सकाळ-संध्या. गरम फडकं, पापण्यांची मालिश, नवे थेंब. कधीपर्यंत, विचारलं होतं. "ये जाता नहीं, सँभालना पड़ता है." मी तर दाढीसुद्धा रोज नाही करत.

१९ नोव्हें.
दोन दिवस बुडाले. जवळच्या पाटणकडे भटकायला गेलो होतो, थेंब घरीच. आज डोळे लालभडक.
आई: "फडकं लावलं का?"
"लावतो ना."
"सकाळपासून लावतो ना, लावतो ना म्हणून राहिला."
कंटाळा आला. डोळे मिटले तरी थकलेलेच.

२७ नोव्हें., गुरु.
आई पण आली मॅडमकडे. यावेळी काही बुडवलं नव्हतं, तरी रंग टाकल्यावर डोळ्यावर ठिपके, खरचटल्याचे. मॅडमनी आईला विचारलं, घर में कुछ और तो नहीं डालता?
"नहीं जी. बस मैं ग्वारीघाट से नहा के आती हूँ, तो नर्मदा मैया का जल लगा देती हूँ. आँख खोल के."
मॅडमचा पेन थांबला. माझ्याही तेव्हाच डोक्यात आलं. लहानपणापासून रोजचं आहे, घरात कोणी ते औषधात धरतच नाही.
रागावल्या नाहीत. "माँजी, माथे पे लगाइए. आँख में नहीं."
ऑटोनं परत. घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबांना पण लावायची. त्यांना काही नाही झालं."

३० नोव्हें.
आता आई जल कपाळाला लावते. बोट भुवईपर्यंत येतं अन् थांबतं.
भैयाकडे गेलो. मागच्या वर्षीचा ड्रायव्हर सांगत होता, म्हातारे काचा वर करूच देत नाहीत. मैया दिसायला पाहिजे. दिवसभर वारा अन् धूळ तोंडावर. तो हसत होता. मला हसू नाही आलं.

४ डिसें., गुरु.
मॅडम मोजता मोजता सातपर्यंत गेल्या. ठिपके कमी. परिक्रमेला जाऊ का, विचारलं. मॅडम हो पण नाही म्हणाल्या, नाही पण नाही. जायचं तर बाजूनं बंद चष्मा, काच वर, एसी तोंडावर नाही, मधे मधे गाडी थांबवून थेंब, मुक्कामावर फडकं. "रोज़ कर पाओगे?"
करेन म्हटलं. पहिल्यांदा असं म्हटलं असेल कोणाला.
भैयाला सांगितलं.
"शीशा ऊपर? फिर उनको दिखेगा क्या?"
"सिर्फ मेरी तरफ का, भैया."
"परिक्रमा में नदी तो उसी तरफ रहेगी, दाहिने."
मग भैयाच पुढे म्हणाला,
"एक लड़का और है. आँख अच्छी है उसकी. चल, शाम तक बताता हूँ."
संध्याकाळी पाणी गरम केलं, फडकं लावलं. आईला सांगावं नाही लागलं. ती दारात उभी होती बहुतेक, बांगड्या वाजल्या.
जेवण झालं. भैयाचा फोन नाही अजून.